खिशावरचा हात

रात्रीची जेवणं उरकली असतील, ओटा पुसून झाला असेल, टीव्हीचा आवाज थांबला असेल, तर बसा. चटईवर, खुर्चीत, पलंगाच्या कडेला, कुठेही. मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही आणि डोळे मिटायचीही घाई नको. एवढंच करा: तुमचं पाकीट या क्षणी कुठे आहे, ते जागेवरून न उठता आठवा.

दारामागे टांगलेल्या पँटच्या खिशात? फ्रिजवर, किल्ल्यांच्या शेजारी? ऑफिसच्या बॅगेत, डबा आणि छत्री यांच्या बेचक्यात? चष्मा कुठे काढून ठेवला ते आपल्याला आठवत नाही, दुधाचं बिल कुठे खोचलं तेही नाही, पण पाकिटाचा ठावठिकाणा अंगाला ठाऊक असतो. घरातून निघताना एकदा स्वतःच्या हाताकडे लक्ष द्या. कुलूप लावून किल्ली काढली की हात आपसूक खिशाकडे जातो, वरूनच चाचपतो आणि परत येतो. कुणी सांगितलेलं नसतं. देवळावरून बस गेली की बसल्या जागी हात छातीला लागतो, तसाच हा हात.

लोकलच्या प्रवाशांत एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. स्टेशनावर ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ अशी पाटी असते. ती वाचली की माणूस न चुकता खिसा चाचपतो, आणि पाटीशेजारी भोळा चेहरा करून उभ्या असलेल्या खिसेकापूला पाकीट कुठल्या खिशात आहे ते फुकटात कळतं. म्हणून मुरलेला मुंबईकर पाटी वाचत नाही. गाडी दादरला शिरायच्या आत त्याचं पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात आलेलं असतं, आणि ते कधी आलं हे त्यालाही सांगता यायचं नाही.

आता उठा, पाकीट घेऊन या, आणि पुन्हा बसा. बायकांनी पर्समधलं ते छोटं पाकीट तेवढं काढावं. अख्खी पर्स हा वेगळा विषय आहे, त्याला एक रात्र पुरायची नाही.

उघडू नका. तळहातावर ठेवा आणि हात किंचित वर-खाली करा, भाजीवाली कांदे तोलायच्या आधी हातानंच अंदाज घेते तसा. आपलं पाकीट किती जड आहे हे आपण कधी पाहिलेलं नसतं. किती भरलेलं आहे एवढंच पाहिलेलं असतं. मग ते टेबलावर किंवा फरशीवर आडवं ठेवा. सपाट बसतंय का? बहुधा नाही. एक कड अधांतरी राहते. तो बाक तुमचा आहे. तुमच्या बसण्याचा, तुमच्या बाजूचा, बाइकवर डावीकडे झुकून बसायच्या तुमच्या सवयीचा. दुसऱ्याच्या खिशात हे पाकीट बसणार नाही, चप्पल बसत नाही तसंच.

चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी विचारलं, “पाकीट कुठल्या खिशात ठेवता?” मागच्या, उजव्या. “काढा बघू.” त्यांनी ते टेबलावर उभं ठेवलं आणि ते उभं राहिलं. जाड पाकिटावर तासन्‌तास बसलं की एक बाजू उचलली जाते, कंबर तिरकी होते आणि पायात उतरणारी सायटिकाची नस दाबली जाते, असं त्यांनी समजावलं. घरी येऊन मी ते उपसलं. पेट्रोल पंपाच्या पावत्या निघाल्या, शाई उडून कोऱ्या झालेल्या. मुदत संपलेली दोन एटीएम कार्डं. एका दंतवैद्याचं कार्ड, ज्यांच्याकडे मी कधीच गेलो नव्हतो. नोटा होत्या तीन. म्हणजे नस दाबत होती ती श्रीमंती नव्हे, एवढं तरी कळलं.

पाकीट नाकाशी न्या. लाजू नका, कुणी बघत नाहीये. रेक्झिनचं असेल तर वास फारसा येणार नाही. चामड्याचं असेल तर येईल, थोडा तेलकट, थोडा घामट. आपल्याकडची चामड्याची पाकिटं बहुतेक म्हशीच्या नाहीतर बकऱ्याच्या कातड्याची असतात. मुंबईत धारावीच्या गल्ल्यांतून, माळ्यावरच्या खोल्यांतून ती शिवली जातात: एक जण कापतो, एक कडा पातळ करतो म्हणजे दुमडल्यावर जाडी येऊ नये, एक चिकटवतो, एक मशीनवर शिलाई मारतो. दुमडीची जागा अंगठ्यानं चाचपा. तिथे रंग गेलेला असेल, टाके वर आलेले असतील. माझ्या पाकिटाच्या एका कोपऱ्यात आठ टाके काळ्या दोऱ्याचे आहेत, बाकी शिवण तपकिरी. आमच्या नाक्यावर चपला शिवत बसणाऱ्या काकांनी ते घातले. तपकिरी दोरा संपला होता. “चालेल ना?” त्यांनी विचारलं. न चालायला काय झालं! गेली सहा वर्षं पाकिटाचा फक्त तेवढाच कोपरा उसवलेला नाही.

असंच हातात धरून राहा थोडा वेळ, आणि शब्दाकडे पाहा. पाकीट. आपण या एका शब्दात किती काय कोंबलंय. पत्राचं पाकीट, बिस्किटाचं पाकीट, दुधाच्या पावडरीचं पाकीट, आणि खिशातलं पाकीट. लग्नात हातात टेकवायचं तेही पाकीट, ज्याच्या कोपऱ्यावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं मिळतं, कारण आहेर पाचशेचा करायचा नसतो, पाचशे एकचा करायचा असतो. कुणाला खिशातलं पाकीट भेट द्यायचं तरी रिकामं देऊ नये म्हणतात, आत एक नाणं सरकवावं. दुकानदारही हे जाणतात. पाकीट दाखवताना आत कागदाचे बोळे घालून ठेवतात. तो काही शकुन नव्हे, पण रिकामं पाकीट दिसायला खरंच केविलवाणं दिसतं.

आणि पाकिटाच्या आधी? आधी कसा होता, कमरेला बांधायचा. कनवट होती, म्हणजे धोतराच्या निऱ्यांपाशी खोचलेली गुंडाळी. पानसुपारीची चंची होती, तिच्या एका कप्प्यात पैसे. बटवा होता, दोऱ्या ओढल्या की तोंड आवळणारा. आज आपल्याला तो आजीबाईच्या औषधांपुरता आठवतो. आणि पदराची गाठ होती. माझ्या आजीला पाकीट ही वस्तू कधी लागली नाही. नऊवारीच्या पदराच्या टोकाला नाणी बांधून ती गाठ कमरेशी खोचलेली असे. गाठीला पैसा असणं हे आपण आजही म्हणतो, पण ती गाठ मी पाहिलेली आहे. सोडायला वेळ लागे. घट्ट बसली तर ती दातांनी सोडवी. तेवढ्या वेळात आमच्या बर्फाच्या गोळ्याचा दोनदा फेरविचार व्हायचा, आणि कधी कधी अर्धी सुटलेली गाठ पुन्हा आवळलीही जायची.

ती सुटणारी गाठ थोडा वेळ डोळ्यांसमोर ठेवा. हात, दात, कापडाचा पीळ, आतल्या नाण्यांचा दबलेला आवाज. मग पाकीट उघडा.

हळू. काही पाकिटं उघडताना वेल्क्रोचा टर्रकन आवाज होतो, काहींचं बटण सुटतं, चामड्याचं असेल तर नुसताच श्वास सोडल्यासारखं होतं. कार्डांकडे आत्ता पाहू नका, ती सगळी एकाच मापाची असतात आणि त्यांच्याकडे पाहून काही होत नाही. नोटांच्या कप्प्यात दोन बोटं घाला आणि सगळ्यांत लहान नोट बाहेर काढा. दहाची असेल तर उत्तम. विसाची असली तरी छान, मागे वेरूळ आहे. या घडीला पाकिटात पाचशेखाली काहीच नसेल तर शेजारून सुट्टे आणा. तेवढ्यासाठी हे मनन थांबलं तर थांबू दे.

दहाची नोट मांडीवर पसरा. चॉकलेटी रंग, मागच्या बाजूला कोणार्कच्या रथाचं चाक. रुंदी ६३ मिलिमीटर, लांबी १२३. हिला आपण कागद म्हणतो, पण हा वहीचा कागद नव्हे, कापसाच्या धाग्यांपासून केलेला आहे. म्हणून शर्टाच्या खिशात राहून धुण्यात गेलेली नोट दोरीवर वाळत घातली की परत येते, आणि त्याच खिशातल्या बिलाचा लगदा झालेला असतो. देशात नोटा छापणारे चार छापखाने आहेत, त्यांतला एक आपल्या नाशिक रोडला, १९२८ पासूनचा.

मागच्या बाजूला डावीकडे भाषांची उभी रांग शोधा. पंधरा ओळी, आसामीपासून उर्दूपर्यंत. सहावी ओळ कोकणी, आठवी मराठी, मधे मल्याळम. आपल्या भाषेत ‘दहा रुपये’ किती बारीक अक्षरात लिहिलेले आहेत ते डोळ्यांजवळ नेऊन वाचा. रोज हातात असून ही ओळ शेवटची कधी वाचली होती? मी तर शाळेत वाचली असेन, त्यानंतर हा लेख लिहिताना.

आता नोटेच्या चेहऱ्याकडे नको, तिच्या अंगाकडे पाहा. मधोमध एक घडी, मग त्या घडीवर काटकोनात दुसरी. ही दुसरी घडी पाकिटाची नव्हे. कुणीतरी ती चौपदरी करून मुठीत धरली होती, किंवा ब्लाउजमध्ये, किंवा पोराच्या कंपासपेटीत. एखादा पिवळा डाग असेल तर तो हळदीचा की वड्याच्या तेलाचा, हे ओळखायचा प्रयत्न करा. जुनी नोट असेल तर डाव्या बाजूला बारीक भोकं दिसतील. एके काळी बँका शंभर-शंभर नोटांच्या गड्ड्यांना पिना मारत, आणि त्या काढताना रोखपालाची नखं तुटत. कुणी पेनानं आकडा लिहिला असेल. कुणाची तरी बेरीज, जी आता तुमच्या मांडीवर आहे.

तुमच्या आधी ही कुणाच्या हातात होती? हे बहुतेक वेळा आठवतं. रिक्षावाल्यानं परत दिली, किंवा मेडिकलच्या दुकानात मोड म्हणून आली. त्याच्या आधी? इथे अंधार सुरू होतो. त्या अंधारात थोडं चालून बघा. घाई करू नका. रिक्षावाल्याला ती कुणीतरी स्टेशनवर दिली, त्या माणसाला पानाच्या गादीवरून मिळाली, पानवाल्याला शाळेतल्या पोरानं दिली असेल, पोराला आजीनं. यातलं एकही माणूस आपल्या ओळखीचं नाही, आणि प्रत्येकानं ही नोट आपलीच म्हणून खिशात घातली होती.

शंभर, दोनशे आणि पाचशे अशा नोटा असतील तर एक वेगळी गंमत करता येईल. त्या तीन शेजारी शेजारी ठेवा आणि डोळे मिटा. खरंच मिटा. नोटेच्या आखूड कडेवरून अंगठ्याचं टोक वरून खाली न्या. शंभराच्या कडेला चार तिरप्या उठावाच्या रेघा आहेत. दोनशेलाही चार, पण मधे दोन छोटे गोल. पाचशेला पाच. अंधांना नोट ओळखता यावी म्हणून या रेघा. लागल्या का बोटाला? नव्या कोऱ्या नोटेवर लागतात. चार वर्षं बाजारात फिरलेल्या नोटेवर नाही लागत, निदान माझ्या बोटाला नाही लागत. मग लांबीवरून ओळखायचं. शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. म्हणजे एका नोटेत आणि पुढच्या नोटेत चार मिलिमीटर, तांदळाच्या एका दाण्याहून कमी. ही अडचण घेऊन अंधांच्या संस्थेला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये ‘मनी’ नावाचं एक ॲप काढलं, फोन नोटेवर धरला की रक्कम बोलून दाखवणारं. चांगलं आहे. पण गर्दीच्या बसमध्ये एका हातात दांडा, एका हातात नोट, मग फोन कुठल्या हातात, हा प्रश्न ज्याचा त्यालाच ठाऊक.

डोळे अजून मिटलेलेच असतील तर एवढंच करा. तिन्ही नोटा मिसळा, एक उचला आणि ती कितीची हे खात्रीनं सांगून मग डोळे उघडा.

आणखी एक मापाची गोष्ट, डोळे उघडे ठेवून. तुमचं पाकीट दहाएक वर्षांपूर्वीचं असेल तर नोटांच्या कप्प्यात नवी शंभरची नोट घाला. ती खोल तळाशी जाऊन बसते, वरून दिसतही नाही. तो कप्पा जुन्या शंभरीच्या मापाचा आहे, १५७ बाय ७३. ती नोट कप्प्यातून थोडी डोकं वर काढून असायची. चामडं शिवणाऱ्यानं मोठ्या नोटांसाठी घर बांधलं आणि नोटा लहान झाल्या.

त्या लहान व्हायला कधी सुरुवात झाली ते सगळ्यांना आठवतं. नोटबंदी: ८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार, रात्री आठ. त्या रात्री अख्ख्या देशानं आत्ता आपण करतोय तेच केलं, फक्त उभ्यानं आणि घाबरून: पाकीट उघडलं आणि आत काय आहे ते नीट पाहिलं. आमच्याकडे आईनं देवघरामागून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जुनं पाकीट काढलं आणि न बोलता टेबलावर ठेवलं. साडेसहा हजार, सगळे पाचशेचे. बँकेची रांग, फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स, याचं तिला काही वाटलं नाही. वडिलांना ते पाकीट दिसलं याचं वाईट वाटलं. नोटा बदलून आल्यावर तिनं जागाही बदलली. ती कुठली, हे मला आजवर माहीत नाही आणि विचारायची माझी हिंमतही नाही.

नोटा परत ठेवा. दहाची तेवढी सगळ्यांत पुढे राहू दे, उद्या लागेल.

आता चिल्लरीचा कप्पा. हल्ली पुष्कळ पाकिटांना तो नसतोच. असला तर एक नाणं काढा आणि त्यावरचं साल पाहा. सालाच्या खाली एखादी खूण असते. बारीक चौकट, कोपऱ्यावर उभी केलेली, असेल तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोर आहे, १८२९ सालापासून. मुलांना ही खूण दाखवा. आमच्या घरी त्यानंतर महिनाभर गल्ल्यातलं एकही नाणं तपासल्याशिवाय खर्च झालं नाही.

आता जे खर्चायचं नाही त्याकडे या. प्रत्येक पाकिटात असं काहीतरी असतं, आणि ते चोरकप्प्यात असतं, दोन अस्तरांच्या मधे, जिथे जायला बोट तिरकं करावं लागतं. घाला बोट. काय लागतंय?

दसऱ्याला कुणी दिलेलं आपट्याचं पान, आता शिरांचीच जाळी उरलेलं. अंगाऱ्याची पुडी. पंढरपूरहून आलेली तुळस, जिचा भुगा झालाय पण वास गेलेला नाही. पहिल्या पगारातली नोट. लक्ष्मीपूजनाच्या ताटातला रुपया. लुप्त झालेल्या भाषेत लिहिल्यासारखा दिसणारा फोन नंबर, नावाशिवाय. माझ्याकडे एसटीचं एक तिकीट आहे, जुनं, मागे कंडक्टरनं पेन्सिलीनं ‘८ बाकी’ असं लिहून सही केलेलं. सुट्टे नसले की तो तिकिटामागे असं लिहून देई आणि उतरताना आठवण करायला सांगे. मी चिपळूणला उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता, सामान होतं, धावपळ होती. गाडी निघून गेल्यावर तिकीट हातात पाहिलं. एसटी महामंडळ मला आठ रुपये देणं लागतं. मागायला मी कधी जाणार नाही, आणि तिकीट टाकूनही देणार नाही.

तुमच्या हाताला जे लागलं असेल ते बाहेर काढा, तळहातावर ठेवा. त्याचं काय करायचं याचा विचार करू नका. ते आलं तो दिवस आठवतो का पाहा. कोण शेजारी होतं, काय हवा होती. आठवत नसेल तर नुसतं पाहा. मग जसं होतं तसंच, त्याच घडीवर, परत ठेवा. सरळ करायला जाऊ नका, मोडेल.

पारदर्शक खिडकीत कोण आहे? हा कप्पा खरं तर ओळखपत्रासाठी, पण तिथे फोटो लागतो. लग्नाआधीचा बायकोचा पासपोर्ट साइज, किंवा बाळाचा बारशाचा, किंवा विठोबा. रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञानं एडिंबराच्या रस्त्यांवर २४० पाकिटं मुद्दाम पाडून ठेवली होती. आत वेगवेगळे फोटो. हसऱ्या बाळाचा फोटो असलेली ८८ टक्के परत आली. म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो असलेली २८ टक्के. हे आकडे मी वाचले तेव्हा माझ्या पाकिटात आई-वडिलांचा फोटो होता. तो मी काढला नाही, पण खोटं कशाला बोलू, क्षणभर भाचीचा फोटो शेजारी लावावा असं मनात आलं होतं.

आता पाकीट मिटा, आणि बाजूला ठेवा. हातापासून थोडं लांब. ते नाहीच असं धरा.

माझं एकदा खरंच गेलं. ठाण्याला रिक्षातून उतरलो, पैसे दिले, वर आलो, दारात हात खिशावर गेला आणि कापडच लागलं. ज्यांचं गेलंय त्यांना तो क्षण सांगायला नको. पोटात खड्डा पडतो तो पैशांसाठी नसतो. किती होते तेही तेव्हा आठवत नाही. मग यादी सुरू होते: लायसन्स, पॅन, दोन कार्डं, कपाटाची किल्ली, अरे देवा, कपाटाची किल्ली. बँकेच्या नंबरावर फोन केला तर आधी भाषा निवडा, मग एक दाबा, मग चार दाबा, मग आपला कॉल महत्त्वाचा आहे.

साडेनऊला बेल वाजली. तोच रिक्षावाला. “काका, सीटच्या फटीत अडकलं होतं.” पत्ता मिळाला तो सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवरून, जिच्या पाठीवर बायकोनं किराणा लिहून दिला होता: पोहे एक किलो, शेंगदाणे, साबण दोन. त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “मोजले मी. सातशे चाळीस आहेत. तुम्हीपण मोजून घ्या.” मी म्हटलं राहू दे हो, काय मोजायचे. तर तो हलेना. “नाही, माझ्यासमोर मोजा.” मोजले. सातशे चाळीस. बक्षीस म्हणून पाचशेची नोट पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. पाणी घेतलं. मग जिना उतरता उतरता थांबून म्हणाला, “यायचं भाडं तेवढं द्या. मीटरनं अठ्ठावन्न झाले.” अठ्ठावन्नच घेतले, साठ दिले तर दोन रुपये परत केले.

ही माझ्या नशिबाची गोष्ट असेल, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. मग २०१९ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत एक मोठा प्रयोग छापून आला. ४० देश, ३५५ शहरं, सतरा हजारांहून अधिक पाकिटं; भारतही त्यात होता. ‘रस्त्यात सापडलं’ म्हणून ती बँकांत, हॉटेलांत, पोस्टांत, पोलीस ठाण्यांत काउंटरवरच्या माणसाकडे सोपवायची आणि मूळ मालकाशी तो संपर्क साधतो का ते पाहायचं. प्रत्येक पाकिटात नाव आणि ई-मेल असलेली कार्डं, बहुतेकांत एक किल्ली, आणि तिथल्या भाषेत लिहिलेली किराणा मालाची यादी. यादी वाचून मी हसलो. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल ४० टक्के लोकांनी कळवलं, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्के. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तर तिथला आकडा ७२ वर गेला. जितके पैसे जास्त, तितकं ते ठेवून घेणं माणसाला जड जातं. किल्ली असली तरी कळवण्याचं प्रमाण वाढतं. किल्लीचा सापडणाऱ्याला उपयोग शून्य. ज्याची आहे त्याचं मात्र कपाट अडून बसलेलं असतं.

अर्थात ५१ म्हणजे ४९ टक्क्यांबद्दल कुणी काहीच कळवलं नाही, हेही आहेच. दादरला शर्टाचं बटण तुटून पाकीट गेलेल्या माणसाला हा अभ्यास वाचून दाखवायला मी जाणार नाही.

पाकीट पुन्हा हातात घ्या. मघाशी होतं तेवढंच आहे. जड वाटतंय का थोडं?

फोननं पैसे द्यायला लागल्यापासून मी पाकीट दिवसदिवस उघडत नाही. सोय आहे, सुट्ट्यांची कटकट गेली, चहाच्या टपरीवरचा स्पीकर ‘दहा रुपये प्राप्त हुए’ असं सगळ्या रस्त्याला ऐकवतो. तक्रार नाही. सकाळी दुकान उघडल्यावर क्यूआर कोडच्या फलकाला हळदीकुंकू लावणारा फळवालाही मी पाहिलाय. पण हात खिशावर जायचा थांबलेला नाही. फोन एका खिशात, तरी हात दोन ठिकाणी चाचपतो.

आता ठेवून द्या, नेहमीच्या जागी. झोपा.

सकाळी लवकर जाग आली तर मंडईच्या तोंडाशी जा, कोथिंबिरीची एखादी जुडी आणायला. फोन घरी ठेवा. मावशींनी नुकतंच पोतं पसरलेलं असेल, पालेभाजीवर पाणी मारत असतील, अजून गिऱ्हाईक झालेलं नसेल. जुडी घ्या, घासाघीस करू नका, पाकीट उघडा आणि पुढेच ठेवलेली ती चॉकलेटी नोट द्या. “भवानी व्हायचीय,” असं म्हणत त्या ती दोन बोटांत धरतील, मेथीवरून, पालकावरून, वजनकाट्यावरून फिरवतील, कपाळाला लावतील. मग कमरेच्या पिशवीची चेन सरकन ओढतील, नोट आत टाकतील, आणि तुमच्याकडे बघून विचारतील, “अजून काय देऊ?”